अंगठा लागत नाही

रेशनच्या दुकानातलं काळं यंत्र
तिसऱ्यांदा नाही म्हणालं.
पोरगा म्हणाला, मावशी, बोट पुसा. जोरात दाबा.
पदराला पुसलं. दाबलं.
यंत्रातली बाई पुन्हा हिंदीतून बोलली
की मी मी नाही.

आता त्याला काय सांगू,
रात्री दोनपासून
पाच किलो वाल सोललेत या अंगठ्याने.

वाल पेणचे घ्यायचे, बारके, कडवे.
परवा भिजत घातले.
पाण्यात पडल्या पडल्या त्यांच्या अंगावर सुरकुत्या येतात
आणि सकाळपर्यंत भरून निघतात.
वालांच्या निघतात.
काल ते जुन्या सुती साडीत बांधले,
पातेल्यात ठेवून वर तवा उपडा, तव्यावर वरवंटा.
डिसेंबरात मोड आळशी,
म्हणून गाठोडं फ्रिजच्या मागे सरकवलं,
तिथे मोटारीची ऊब असते.
हे मला कुणी शिकवलं नाही.
चाळीतलं मांजर तिथे येऊन झोपायचं, त्यावरून सुचलं.

मग कोमट पाणी,
आणि पाठीकडून चिमटायचं, हलकं,
झोपलेल्या पोराच्या मुठीतून
नाणं काढून घ्यावं तसं.
डाळिंबी सुळकन बाहेर, पिवळट, आख्खी.
साल बोटाला चिकटून राहते.
झटकायची, पुढची घ्यायची.
पाच किलोत किती असतात, कधी मोजलं नाही.
मोजणाऱ्याचं सोलून होत नाही.

मेट्रोचे पत्रे निघाले तशी
ठाकूरद्वारच्या नाक्यावरची माझी जागा परत मिळाली,
आधी होती त्याच्या अर्धी.
टिपणीस बाई स्टीलचा डबा घेऊन येतात,
प्रत्येक वाटा बोटाने उलटापालटा करतात,
तुटलेली नको हं दमयंती,
आमच्याकडे बिरड्यात डाळिंबी मोडली की
हे ताट सरकवतात.
आणि जाता जाता, हल्ली सोलायला वेळ कुणाला आहे गं?
मी सुटे पैसे मोजत होते.

दुकानदार वाईट नाही.
म्हणाला, दोन दिवस हात कोरडा ठेवा, मग या,
रेषा वर येतात.
दोन दिवस हात कोरडा ठेवला
तर तुझ्या तांदळाबरोबर खायचं काय,
हे फणसवाडीच्या जिन्यात पोचल्यावर सुचलं.
माझं उत्तर नेहमी जिन्यात सापडतं.

तुटलेल्या आमच्या.
तेलात हिंग, ओवा, हळद,
वर ताटली, ताटलीत पाणी;
कमी पडलं तर तेच गरम ओतायचं.
गार पाणी घातलं की वाल रुसतात,
मग कितीही जाळा, आत दडदडीत.
डाव घालायचा नाही.
फडक्याने पातेलं धरून नुसतं हिसळायचं.
आमसूल, गुळाचा खडा, खोबरं शेवटी.
तुटलेल्याच आहेत, ढवळल्या तरी काय बिघडणार होतं?
पण हात ऐकत नाही.

कल्पिता कामावरून आली, ग्लिसरीनची बाटली घेऊन.
मोबाइलच्या उजेडात माझा अंगठा धरून बसली,
नकाशात गाव शोधावं तशी.
आहे गं, म्हणाली, इथे कडेला आहे थोडी.
तिच्या केसांना दुकानातल्या एसीचा वास येत होता,
माझ्या हातांना वालांचा, कडवट,
साबणाने जात नाही तो.

जेवताना तिच्या दाताखाली एक कुचर आला.
ना भिजला, ना मोड फुटला, ना शिजला.
तिने तो ताटाच्या कडेला ठेवला.
मी उचलून अंगठ्याखाली दाबून बघितला.
पुरा टणक.
कामात कुचराई म्हणतात ती यावरूनच ना, तिने विचारलं.
असेल, म्हटलं.
मला तर तो एकटाच
तीन दिवस राबलेला वाटला.

रात्री पुन्हा पाच किलो भिजत घातले.
उजव्याला ग्लिसरीन होतं,
म्हणून पाणी डाव्याने हलवलं.
परवा डाव्यानेच सोलून बघते.
उशीर होईल.
टिपणीस बाई थांबतील.